अजून थोडं मागे

साडूने गळ्यातल्या म्यानातून नवी सुरी काढून पुढे धरली, तेव्हा वस्तादने आधी आपला उजवा हात खिशात घातला.

"धारेचे मालक तुम्ही," साडू म्हणाला. "पहिला हात तुमचाच."

वस्ताद म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. उभा जन्म लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवण्यात गेलेला. आपल्या खुर्चीत कुणाच्या रक्ताचा थेंब सांडला नाही, एवढी एकच गोष्ट तो मिरवायचा. त्याच माणसाचा उजवा हात गेल्या थंडीपासून थरथरायला लागला होता. घरी तो कप डाव्या हाताने धरू लागला. सलूनमध्ये, हल्ली मशीनच बरं पडतं, असं न विचारता सांगत सुटला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून दाढी करता येत नाही, आणि जुनी गिऱ्हाइकं वस्तऱ्याशिवाय ऐकत नव्हती. रोज सकाळी शटर वर करण्याआधी तो कुलूप हातात घेऊन क्षणभर उभा राहायचा. आज कुणाचा तरी गळा चिरेल ही भीती मोठी, की आज कुणाला तरी कळेल ही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आणि कळायचंच असेल तर निदान या साडूला तरी कळू नये. मेव्हणीचा हा नवरा गोदामात माल बांधून बांधून नुकताच निवृत्त झालेला, अंगाने धिप्पाड. सगळं घर त्याला पाठीमागे 'पार्सल' म्हणायचं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी याला सांगितलेली गोष्ट दुपारी मेव्हणीकडे, तिच्याकडून वस्तादच्या बायकोकडे आणि दिवेलागणीच्या आत गल्लीच्या टोकाला पोचलेली असायची.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात. पार्सलने जंगलात वापरायची सुरी घेतली. जाड पाठीची, लाकडी मुठीची. धार लावायला ती अर्थातच वस्तादकडे आली आणि वस्तादने सवयीने घोळ घातला. लाकूड तासायला पुरेल तेवढ्यावर न थांबता त्याने ती चामड्याच्या पट्ट्यावर घासत नेली, पार मनगटावरचे केस उडेपर्यंत. पार्सलनेही आपल्या परीने भर घातली. म्यान गळ्यात अडकवायच्या बारीक नायलॉनच्या दोरीला त्याने गोदामातली गाठ मारली. ओढली की आवळते, मग सुटायचं नाव नाही, असं वाटेत त्याने दोनदा कौतुकाने सांगितलं होतं.

आता दोघं झाडीत एका मोकळ्या जागी उभे होते. पार्सलच्या पाठीमागे काठ तुटून खाली घळ होती आणि सगळीकडे ओल्या पानांचा खच. काटकीचं टोक पिसासारखं तासायचं, म्हणजे ती चटकन पेटते, असं पार्सल समजावत होता. वस्तादने आधी खांदा दुखतो म्हणून पाहिलं, मग चष्मा विसरलो म्हणून पाहिलं. चष्मा त्याच्या नाकावरच होता. शेवटी त्याने सुरी घेतली, काटकी गुडघ्यावर टेकवली आणि हात लागला थरथरायला. पातं काटकीवर टकटक वाजत होतं.

तेवढ्यात पार्सलने फोटोसाठी मोबाइल काढला. देवच पावला असं वस्तादला वाटलं. माणूस लांब गेला तर निदान हात दिसणार नाही.

"मागे व्हा जरा," वस्ताद म्हणाला. "मी पूर्ण येऊ द्या फोटोत. अजून थोडं मागे."

पार्सल आज्ञाधारकपणे मागे सरकला. अजून थोडा. आणि मग तिथे पार्सल नव्हता.

ओरडणं नाही, काही नाही. फक्त पानं घसरल्याचा आवाज. वस्ताद काठाशी पोचला आणि खाली वाकला. काठातून बाहेर आलेल्या एका मुळीत म्यानाची दोरी अडकली होती आणि एवढा मोठा माणूस त्या दोरीवर गळ्याने लटकत होता. बुटांची टोकं चिखलात खरवडत होती, धरायला काही सापडत नव्हतं.

मुळीपाशी दोरी तोडणं अवघड नव्हतं. वस्तादने सुरी नुसती टेकवली आणि दोरी तुटली. पार्सल खाली दोन दगडांच्या बेचक्यात उताणा कोसळला. जीव भांड्यात पडला असं वस्तादला वाटलं, पण घसरत खाली जाऊन पाहतो तर गाठ आपलं काम चोख करत होती. ती मानेमागे गेली होती आणि फास जराही सैल झाला नव्हता. दोरी मांसात रुतलेली, चेहरा जांभळा, डोळे बाहेर आलेले. त्याने त्याला कुशीवर वळवायचा प्रयत्न केला, तो हलेना. दोरीखाली बोट जाईना, मग सुरीची ती जाड पाठ कुठून जाणार? म्हणजे धार वरूनच चालवायची होती. गळ्याच्या दिशेने. आणि ती धार त्याने स्वतः लावली होती.

त्याने मदतीसाठी हाक मारली. झाडीतून कुणी ओ दिली नाही.

हात आता असा कापत होता की सुरी पडते की काय. हा मेला तर माझ्या हातून मेला, आणि मी काही केलं नाही तरी माझ्याच हातून मेला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग त्याने गुडघे टेकले आणि खुर्चीत बसलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं केलं असतं तेच केलं. डावा तळवा कपाळावर दाबून डोकं कलतं केलं. उजव्या हाताची करंगळी गालाच्या हाडावर रोवली. दोरी कानाखाली जबड्याच्या हाडावरून वर गेली होती. खाली हाड असलेली तेवढीच एक जागा. हात थांबणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने तो थांबवायचा नाद सोडला, पातं टेकवलं आणि थरथरू दिलं. त्या थरथरीनेच पातं दोरीत उतरू लागलं. एकेक धागा तुटत होता आणि दर धाग्याला वस्ताद मनातल्या मनात मरत होता.

दोरी सुटली. पातं घसरलं. कानाखाली रक्ताची बारीक रेघ उमटली.

पार्सलच्या छातीतून घरघर करत श्वास आत गेला. मग खोकला, मग ओकारी, मग पुन्हा श्वास. वस्ताद रुमालाने रक्त दाबून धरत होता आणि रडत होता. आपण रडतोय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

"कापलं मी तुम्हाला," तो म्हणाला. "साडूभाऊ, माझा हात गेलाय. थंडीपासून. कुणाला बोललो नाही."

"ठाऊक आहे," पार्सल घोगऱ्या आवाजात म्हणाला.

वस्तादने रुमाल उचलून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दर रविवारी दाढीला येतो ना. गळ्याला कळतं." पार्सलने थुंकी गिळली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "सुरी काय, निमित्त. म्हटलं, इथे कुणी नाही, इथे तरी बोलाल."

"बायकोला बोललात?"

पार्सलने नकारार्थी मान हलवायला पाहिलं, ती दुखली.

वस्तादचा यावर विश्वास बसेना. गावभर घंटा वाजवत फिरणाऱ्या या माणसाने इतके दिवस एक शब्द बाहेर पडू दिला नव्हता. "भीती नाही वाटली?" त्याने विचारलं.

"वाटायची तर. डोळे घट्ट मिटून बसायचो."

"मग येत कशाला होता?"

"मी यायचा थांबलो असतो," पार्सल म्हणाला, "तर तुम्हाला कळलं असतं, मला कळलंय म्हणून."

वस्तादने रुमालाची घडी उलटून पुन्हा कानाखाली दाबली. मग म्हणाला, की उद्यापासून वस्तरा बंद, आणि हे घरी तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं. पार्सलने याला नकार दिला. जगातलं बाकी सगळं सांगेन, पण हे तुमचं तुम्हीच सांगा, म्हणाला.

उठायच्या आधी वस्तादने सुरी म्यानात घालायला घेतली. हात कापत होता. पातं म्यानाच्या तोंडावर टकटक वाजत राहिलं, आत जाईना. पार्सल समोरच बसून बघत होता. वस्तादने त्याला मागे व्हायला सांगितलं नाही.