पातळ झाकण

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकडाचा ठोकळा, पोटात पोलादी पातं आणि ते घट्ट धरणारी पाचर, एवढंच माझं शरीर. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर एखाद्या बाहुलीला विचारा.

मला मिस्त्रीच्या वडिलांनी घडवलं. पुढे मिस्त्रीने मला इतकं चालवलं की त्याच्या तळहाताचा खळगा माझ्या पाठीवर उमटला. आम्ही दारं केली, पाळणे केले, शाळेची बाकं केली. लोक टेबलावरून हात फिरवून वाहवा करत. ती मिस्त्रीची असे, पण अर्धी मी गुपचूप घेत असे. मात्र मिस्त्रीचं कपाट ठरल्या दिवशी मिळालं, असं सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वेळेवर तो एकच वस्तू देई. शवपेटी. त्या कामात त्याच्या बायकोचाही वाटा असे. पेटीच्या फळ्यांवर मला चालवलं की पातळ सालपटं निघत. बायको ती गोळा करी, अभ्रा शिवून त्यात भरी आणि मेलेल्या माणसाच्या डोक्याखाली ठेवायला उशी करी. शेवटचा टाका घालण्याआधी उशीवर हात ठेवून म्हणे, "प्रभू, या जिवाला मऊ वाटू दे. बाकीचं तुला ठाऊक." गेलेला माणूस मोठा असो नाहीतर दारुडा, प्रार्थना तीच. एवढीशीच का, म्हणून मिस्त्री तिला चिडवी. ती म्हणे, देव काही तुमच्यासारखा बहिरा नाही, एकदा सांगितलं की पुरतं.

मग ती आजारी पडली आणि गेली.

दफन दुपारी ठरलं. मिस्त्रीने कारखान्याला आतून कडी घातली आणि तिची पेटी करायला घेतली. पेटी झाली, झाकण उरलं. झाकण गुळगुळीत झालं, तरी त्याचा हात थांबेना. मला उमगलं. झाकण पुरं झालं की तिला आत ठेवावं लागणार होतं. म्हणून तो ते पुरं होऊ देत नव्हता. बोटभर जाडीची फळी अर्ध्यावर आली. माझं पातं तापलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो, मला फक्त अडखळता येतं. मी अडखळलो. त्याने पाचर ठोकून घट्ट केली आणि मला पुन्हा चालवलं.

बाहेर चर्चचे पाळकसाहेब आले. चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात, असं दाराआडून म्हणाले. असली तयार वाक्यं खिशात घेऊन फिरणाऱ्यांचा मला संताप येतो.

मिस्त्री आतून म्हणाला, "प्रार्थना नको, घंटा नको. कबूल असेल तर सांगा. नाहीतर पेटी मिळणार नाही."

अंगणात जमलेले लोक दाराशी गोळा झाले. घरात ती पांढऱ्या चादरीखाली होती, चर्चमागे कबर खणून तयार होती आणि मध्ये हा माणूस अडून बसला होता. फळी माझ्याखाली वाकू लागली. आणखी थोडे हात, आणि ती फुटणार होती.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून त्याची सासू आत आली. त्या वयात, खिडकीतून. गुडघा खरचटला तेव्हा तिने गुडघ्यालाच शिवी हासडली. मग ती जमिनीवर बसली. लेकीने शिवून ठेवलेल्यांपैकी शेवटचा अभ्रा तिने आणला होता. तो उघडून ती सालपटं भरू लागली. मी चालत होतो, ती भरत होती.

शेवटी मिस्त्रीच थांबला. त्याने झाकण उचललं तर ते लवलवलं.

"आई, मी वाट लावली याची. फार पातळ झालं हे."

सासूने झाकणावर टिचकी मारली. "असू दे. येशू हाक मारेल त्या दिवशी तिला ढकलायला सोपं जाईल. फार अशक्त झाली होती रे पोर माझी."

मिस्त्रीला हसू फुटलं. त्या हसण्याचंच रडणं झालं आणि तो तिच्या शेजारी सालपटांत बसला. रडू नकोस, असं ती म्हणाली नाही. तीही रडली.

"मी रागावलोय त्याच्यावर," तो म्हणाला.

"मीही. सकाळपासून त्याला फैलावर घेतलंय. पण ऐकून घेणारा तोच आहे. आणखी कुणाकडे जाऊ?"

तिने सुई ओवून त्याच्या हातात दिली. मिस्त्रीने उशीवर हात ठेवला.

"प्रभू, माझं तुझ्याशी भांडण आहे. ते मिटलेलं नाही. पण हिला मऊ वाटू दे." त्याने अभ्र्याची उघडी कड दुमडली. "बाकीचं तुला ठाऊक."

त्याने टाका घातला आणि कडी काढली. पाळकसाहेब काही बोलायला गेले, तर सासूने त्यांना पेटीचं एक टोक उचलायला लावलं. मग घंटा वाजली.

त्यानंतरच्या सगळ्या उश्या मिस्त्रीनेच शिवल्या, वाकड्या टाक्यांच्या. प्रार्थना तीच. भांडणाचं वाक्य तो बरीच वर्षं पुढे जोडत होता. कधी गळलं, ते मला कळलं नाही.

आता त्याचे हात कापतात आणि मी फळीवर पडून आहे. पात्याला गंज धरतोय. मित्रांनो, कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर तिथे शहाणपण घेऊन जाऊ नका. जमिनीवर बसा आणि हाताला लागेल ते काम करा. आणि जमलं तर माझ्या पात्याला तेल लावा. माझं एक काम अजून राहिलं आहे. मिस्त्रीने मला सांगून ठेवलंय, त्याचंही झाकण पातळच हवं.