पेल्याच्या कानातला मळ

"हलू नका, अजून निम्मी बाकी आहे," असं कानवालीने दोनदा सांगितलं, पण चौकशीवाल्या बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. त्या कुशीवर निजल्या होत्या, उजव्या कानात पोकळ मेणबत्ती उभी होती, तिच्या वरच्या टोकाला ज्योत जळत होती, आणि हातातला फोन थरथरला म्हणून बाईंनी सरळ मानच उचलली. कानवालीने चपळाईने मेणबत्ती काढून घेतली म्हणून केस वाचले. बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत आज त्यांच्या जागी दुसरी कुणी बसली होती, तिला चक्कर आली होती, ताबडतोब या, असा निरोप होता. बाई घाईघाईने उठल्या, शेजारचा पाण्याचा वाडगा कलंडवला, आणि "हा कान पुढच्या वेळी" म्हणत निघूनही गेल्या.

राहिलेली मेणबत्ती एरवी त्या वाडग्यात बुडवायची असे. नुसती फुंकर मारली तर असा काही खमंग धूर निघे की पुढे केस वाळवत बसलेल्या बायका नाकाला पदर लावत आणि मालकीणबाई डोळे वटारत. आता पाणी तर जमिनीवर. कानवालीने इकडेतिकडे पाहिलं आणि मेण ओघळू नये म्हणून मेणबत्तीला घातलेली पुठ्ठ्याची बशी चहाच्या रिकाम्या पेल्यावर टेकवली. बशीच्या भोकातून मेणबत्तीचं निमुळतं टोक पेल्यात गेलं, कानात जातं तसंच. जळू दे म्हणाली आणि फरशी पुसायला वाकली.

ब्युटी पार्लरच्या या मागच्या खोलीत तिची बरीच वर्षं गेली होती. तिला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त नवऱ्याला आणि बँकेला ठाऊक. बाकी सगळ्यांची ती कानवाली. काम तसं सोपं. मेणात भिजवलेल्या कापडाची पुंगळी कानात धरायची, पेटवायची, आणि ज्योत वर चढते तसा आतला मळ वर ओढला जातो असं हळू आवाजात सांगत राहायचं. खरी गंमत शेवटी. उरलेलं थोटूक कात्रीने उभं कापून पांढऱ्या बशीत उलगडायचं. आत पिवळी भुकटी आणि तपकिरी गोळा. "बघा, एवढं घेऊन फिरत होतात," असं ती म्हणाली की भल्याभल्यांचे चेहरे पडत, आणि लगेच त्यांना स्वच्छ ऐकूही येऊ लागे. कानवालीला हा क्षण फार आवडायचा. तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. अविश्वास असता तर नवऱ्याचे, सासूचे आणि स्वतःचे कान तिने कशाला भाजले असते?

फरशी पुसून झाली तेव्हा पेल्यावरचं थोटूक विझलं होतं. हाताला सवय होती, डोक्याला विचारायची गरज नव्हती. तिने कात्री घेतली, थोटूक कापलं, बशीत उलगडलं. पिवळी भुकटी, तपकिरी गोळा. चांगला मोठा.

बाईंच्या कानातला असेल, ती स्वतःशी म्हणाली. अर्धी मेणबत्ती कानात होतीच की. तरी मनात पाल चुकचुकली. तिने पेला घासला, कोरडा केला, नवी कोरी मेणबत्ती बशीतून त्यात सोडली आणि पेटवली. या खेपेला ती समोर बसून राहिली. थोटूक कापलं तेव्हा पेल्याच्या कानातून निघालेला मळ बाईंच्या कानातल्या मळाहून जरा जास्तच होता.

कानवाली रडली नाही. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिला राग आला. ज्याने दोन दिवसांच्या शिबिरात हे शिकवून भिंतीवर लावायला चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं त्याचा आला, स्वतःच्या बिनडोकपणाचा आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो बाईंची आठवण झाल्यावर. चौकशीवाल्या बाई इतर बायकांसारख्या हौसेने येत नव्हत्या. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. ऑफिसात कळलं तर खिडकी जाईल म्हणून डॉक्टरकडे न जाता त्या गुपचूप इथे येत. दर वेळी बशीतला मळ बघून त्यांना धीर येई, आणि कानवाली म्हणे, अजून दोनचार वेळा या, मोकळं होईल. मोकळं होत नव्हतं. हल्ली बाई बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघत. कानवालीच्या हे लक्षात आलं होतं आणि तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडावं तसं सोडून दिलं होतं.

दोन्ही बशा घेऊन ती मालकीणबाईंकडे गेली. मालकीणबाई कुणाच्या तरी भुवया कोरत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या थांबल्या, मग बशांकडे पाहिलं आणि कपाळावर आठीसुद्धा न पाडता म्हणाल्या, "तुला आज कळलं?"

कानवालीच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. मालकीणबाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी तिला समजावलं, अगदी प्रेमाने. फेशियल करून कोण गोरं झालंय? तेल लावून कुणाचं टक्कल भरलंय? माणसं घटकाभर निजतात, कुणीतरी डोक्यावरून हात फिरवतं, बरं वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडून दाखवायला तुला कुणी सांगितलं?

"फेशियल करून कुणी बहिरं होत नाही," कानवाली म्हणाली.

रात्री जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवरा रंगारी, बोलणं मोजकं. तो म्हणाला, ओल आलेल्या भिंतीवर मीही रंग मारतोच की, मालक मार म्हणतो, मी मारतो. कानवाली म्हणाली, भिंत निदान पोपडे टाकून सांगते तरी, कान बिचारा काय सांगणार? यावर तो म्हणाला, "तू काही ऐकणार नाहीस. निदान भांडून तरी ये, गप्प बसून येऊ नकोस."

हा सल्ला तिला देण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने टेबलावर पेला मांडला. गिऱ्हाईक आलं की आधी पेल्याचा कान साफ करायची, थोटूक कापून दाखवायची आणि सांगायची, हा मळ मेणबत्तीचाच आहे, तुमचा नाही. तिला वाटलं होतं, लोक चिडतील, गाजावाजा करतील. तसं काहीच झालं नाही. एका ठेकेदाराची बायको बशीत वाकून बघत म्हणाली, पेला नीट घासत जा बाई. दुसरीने शोध लावला की हवेतला मळ ओढला जात असणार, हल्ली हवा कुठे शुद्ध राहिलीय. तिसरीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कुशीवर निजली आणि म्हणाली, बरं, आता माझी लाव. कानवालीने नाही म्हणताच ती तक्रार करायला पुढे गेली. खोटं इतकी वर्षं बिनबोभाट खपलं, आणि खरं फुकट वाटलं तरी कुणी घेईना.

मालकीणबाईंनी दोन दिवस कळ काढली. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, एवढंच बजावलं. मग उरलेला कान पुरा करायला चौकशीवाल्या बाई आल्या.

कानवालीने त्यांना बसवलं, त्यांच्या समोर तोंड करून, ओठ नीट दिसतील असं सावकाश सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्या संतापल्या. तूच म्हणायचीस ना, अजून दोनचार वेळा? माझ्या डोळ्यांनी मळ बघितलाय मी. चुकीचं सांगत होते, असं कानवाली म्हणाली. डॉक्टरकडे चला, मी येते बरोबर. डॉक्टरचं नाव काढताच बाई ताडकन उठल्या आणि मालकीणबाईंना हाक मारली. हिला जमत नसेल तर तुम्ही लावा.

मालकीणबाई आल्या. बाईंना निजवलं, कानवालीकडे ढुंकूनही न बघता नवी मेणबत्ती उजव्या कानात धरली आणि पेटवली. मेणबत्तीने ज्योत धरली. कानवाली कोपऱ्यात उभी होती. गप्प उभी राहिली असती तर तिची खोली, तिची खुर्ची, तिचं सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, आणि हे तिला पुरतं कळत होतं. ती दोन पावलं पुढे आली, वाकली आणि फुंकर मारून ज्योत विझवली.

काळा धूर खोलीभर पसरला. पुढच्या खोलीतून बायका खोकू लागल्या.

"चालती हो," मालकीणबाई म्हणाल्या.

"होते. पण पुन्हा लावलीत तर बाहेर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला सांगेन."

त्यांनी पुन्हा लावली नाही. बाई मात्र तिच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता निघून गेल्या. कानवालीने भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि घरी आली. त्या संध्याकाळी तिला फार वाईट वाटलं. काम गेल्याचं वाटलं त्याहून जास्त, बाईंनी तिचं ऐकलं नाही याचं वाटलं.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सकाळी ती बस स्टँडवर गेली आणि चौकशीच्या रांगेत उभी राहिली. काचेमागे बाई बसल्या होत्या. माणूस पुढे आला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या आणि गाडीची वेळ घडाघडा सांगायच्या. रांगेतल्या कुणालाही वाटलं असतं, किती आस्थेने ऐकतात. कानवालीला बघून त्यांचा चेहरा कठोर झाला. काय हवंय, त्यांनी विचारलं.

कानवालीने तळहात आपल्या तोंडावर धरला आणि पहिली गाडी कितीला सुटते ते विचारलं.

बाई त्या तळहाताकडे बघत राहिल्या. "हात काढा," त्या म्हणाल्या. कानवालीने हात काढला नाही. पुन्हा तेच विचारलं, आधीपेक्षा मोठ्याने. मागचा म्हातारा वैतागून काचेपाशी आला आणि म्हणाला, अहो, त्या पहिली गाडी विचारताहेत, आम्हाला मागे ऐकू आलं. बाईंनी त्याच्या ओठांवरून ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आपण फार दुष्टपणा केला असं कानवालीला त्या क्षणी वाटलं, आणि तरी आपण तो पुन्हा केला असता हेही तिला ठाऊक होतं. तिने हात खाली घेतला.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी त्या बाकावर बसते," ती म्हणाली.

सुट्टी झाली तशी खिडकीची झडप खाली आली. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग बाजूच्या दारातून बाई आल्या आणि बाकावर, जरा अंतर ठेवून बसल्या. ऑफिसात कळलं तर माझी खिडकी जाईल, त्या म्हणाल्या. कानवाली म्हणाली, "माझी खोली तर गेलीच." यावर बाईंना हसू आलं नाही, पण त्या उठल्या.

कानाच्या डॉक्टरांनी उजव्या कानाच्या पडद्यावरून मेणाचे थेंब सोलून काढले. ते मेण माणसाच्या कानातलं नव्हतं, मेणबत्तीचं होतं. त्या कानाने बऱ्यापैकी ऐकू येईल, ते म्हणाले. डाव्या कानाची शीर मात्र हळूहळू निकामी झाली होती. वेळेवर आल्या असतात तर ऐकण्याच्या मशीनचा उपयोग जास्त झाला असता, आता लावलं तरी पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. मग ते खवळले आणि विचारलं, हे असले उद्योग करतं कोण?

"मी," कानवाली म्हणाली. "आणखी बोला. फक्त जरा मोठ्याने बोला, त्यांनाही सगळं ऐकू दे."

डॉक्टर बोलले, आणि मोठ्याने बोलले. तिने मान खाली घातली नाही. बाहेर आल्यावर बाईंनी तिला एवढंच विचारलं की ते कुठल्याशा शिरेचं काय म्हणाले, आणि तिने ते पुन्हा, समोर तोंड करून सांगितलं.

कानवालीने एका इस्त्रीच्या दुकानात काम धरलं. उभ्याने करायचं काम, पाय भरून येत, पण कपड्याची सुरकुती गेली की गेली, त्यात कुणाला काही सांगावं लागत नसे. बाईंचं ऑफिसात कळलं. साहेबांनी त्यांना मागच्या खोलीत तिकिटांचे गठ्ठे मोजायला जा असं सुचवलं. बाई म्हणाल्या, लेखी द्या. ते लेखी काही आलं नाही.

एकदा कपड्यांचा गठ्ठा पोचवायला जाताना कानवाली बस स्टँडमधून निघाली होती. खिडकीपाशी रांग होती. बाईंनी केस घट्ट वर बांधले होते आणि डाव्या कानावरचं मशीन लांबूनही दिसत होतं. ते झाकायला चार बटा पुढे आणता आल्या असत्या, पण बाईंनी त्या आणल्या नव्हत्या. खिडकीपाशी पोचलेल्या एका माणसाने ते पाहिलं आणि शेजारच्याला हलक्या आवाजात म्हणाला, बहिरीला बसवलंय चौकशीला.

बाईंनी मान वर केली.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आता कुठे जायचंय ते सांगा."

माणूस ओशाळला. त्याने पुटपुटत गावाचं नाव घेतलं. बाईंनी उजवा कान काचेजवळ नेला, त्याला ते पुन्हा सांगायला लावलं, मग गाडीची वेळ सांगितली, फलाट सांगितला आणि मागच्याला पुढे बोलावलं.