जिन्याखालचा फळा आणि आजची जोडी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि माझ्या डोक्यात जन्मापासून गोंधळ आहे. शाळेतला फळा समजाल तर मी तो नव्हे. मी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूच्या एका चार मजली सोसायटीत, जिन्याखाली, पत्रपेट्यांच्या शेजारी टांगलेला असतो. इमारतीचे दरवाजे करून उरलेल्या प्लायवूडचा तुकडा एका सुताराने कापला, त्याला सागवानी पट्ट्या ठोकल्या, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि मला खिळ्यावर अडकवून तो निघून गेला. मी कशासाठी आहे ते त्याने मला सांगितले नाही.

माझी मोठी अडचण अशी, की माझ्या अंगावर काय लिहिले आहे ते मलाच दिसत नाही. कोणी मोठ्याने वाचले तरच कळते. "उद्या पाणी फक्त सहा ते सात" असे वाचून लोक चडफडतात. "दुःखद निधन" वाचताना आवाज खाली आणतात. सोसायटीच्या सभेची नोटीस मात्र कोणी वाचतच नाही, त्यामुळे ती सभा कधी असते ते मला आजवर समजलेले नाही.

१९८१ साली पहिल्या मजल्यावरचे अंबादास सर निवृत्त झाले. परळच्या एका शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवलेला माणूस. पत्नी रुक्मिणीबाई आधीच गेलेल्या, मुलगा नोकरीला बडोद्याला. घरात एकटेच. पहिल्याच सोमवारी सकाळी दूध घेऊन झाल्यावर ते खाली आले, शर्टाच्या खिशातून खडू काढला, माझ्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिले आणि स्वतःच वाचले, "आजची जोडी." मला वाटले, कोणाचे तरी लग्न ठरले.

ती जोडी शब्दांची होती. सारख्या आवाजाचे दोन इंग्रजी शब्द, आणि पुढे मराठीत दोघांचे अर्थ. डायरी म्हणजे रोजनिशी, डेअरी म्हणजे दूधदुभत्याचे ठिकाण. क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, क्वाएट म्हणजे शांत. शाळेला निघालेली मुले दप्तर सावरत मोठमोठ्याने वाचत आणि पळत सुटत. ऐकून माझी मात्र भंबेरी उडे. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ एकच. मग इंग्रजांनी दोन केले कशाला? एकातच भागले नसते का?

पण मुलांना गोडी लागली. शेजारच्या इमारतीतली मुलेसुद्धा वाट वाकडी करून येऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या मालनची आई पत्रपेटी उघडता उघडता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सरांमुळे आमची मालन इंग्लिशमध्ये पहिली आली!" अशा वेळी मला फार अभिमान वाटे. मला एक अक्षर समजत नव्हते तो भाग वेगळा.

दुपारी कमल यायची. जिने झाडणे, धुणे आणि शेवटी मला पुसणे, हे तिचे काम. ती चौथीपर्यंत शिकलेली, जालन्याकडून लग्न होऊन मुंबईत आलेली. मला पुसण्याआधी ती पिशवीतून एक वही काढी आणि आजची जोडी जशीच्या तशी उतरवून घेई. इंग्रजी अक्षरे तर ती रांगोळी काढावी तशी जपून काढायची. तिची मुलगी शकु महापालिकेच्या शाळेत होती आणि तिथे इंग्रजी पाचवीत सुरू होणार होते. तोवर पोरगी मागे पडू नये म्हणून ही वही.

एकदा सर अवेळी खाली आले आणि त्यांनी ते पाहिले.

"काय गं, काय लिहितेस?"

"काय नाय सर, आमच्या शकुसाठी." कमल ओशाळली, पण मग तिने विचारूनच टाकले. "पण सर, हे दोन्ही सेमच वाटतात ना ऐकायला. वळखायचं कसं?"

सर जिन्याच्या पायरीवर बसले. त्या दिवशीची जोडी होती अ‍ॅक्सेप्ट आणि एक्सेप्ट. "आवाजावर जाऊ नकोस," ते म्हणाले. "कोण काय काम करतो ते बघ. अ‍ॅक्सेप्ट स्वीकारतो, आत घेतो. एक्सेप्ट वगळतो, बाहेर ठेवतो. अर्थ पक्का धर, आवाज मागून येतो."

त्या दिवसापासून कमल वहीत अर्थ आधी लिहू लागली. मी विचार करत राहिलो. कानाला सारखेच वाटणारे दोघे, एक आत घेतो आणि दुसरा बाहेर काढतो, हे काही माझ्या लाकडी डोक्यात शिरेना.

अशी पाच वर्षे गेली. ८६ सालचे गणपती झाले आणि सरांचा हात बदलला. दिसत नसले तरी हात मला ओळखू येतो. सर खडू टेकवत आणि नुसतेच उभे राहत. नवी जोडी त्यांना सुचेना, जुन्याच फिरून येऊ लागल्या. कधी एकच जोडी तीन दिवस. मग एका सकाळी मुलांनी वाचले, "अ‍ॅक्सेप्ट म्हणजे वगळणे, एक्सेप्ट म्हणजे स्वीकारणे." मी चक्रावलो. म्हणजे इतकी वर्षे मी उलटेच ऐकत होतो की काय? सर चुकतील हे माझ्या मनातच येईना. चूक असली तर ती माझीच, असे मी धरून चाललो.

सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव यांच्या मुलाने, चंद्रप्रकाशने, शाळेच्या चाचणीत तेच लिहिले आणि बाईंनी लाल फुली मारली. भाऊराव तडक खाली आले. कमल झाडत होती.

"कमलबाई, सरांचं डोकं आता काम करत नाय. वाईट वाटतं, पण पोरांचं नुकसान नको. अजून एकदा चुकलं ना, की हे जोडीबिडी बंद. फळा फक्त नोटिशीला. आणि चुकीचं दिसलं की तू सरळ पुसून टाकायचं."

"मला काय कळतंय साहेब इंग्लिशमधलं," कमल म्हणाली.

तिला कळत होते. तिच्या पिशवीत वही होती. आणि तिला हेही कळत होते, की खडूशिवाय सरांच्या दिवसात दुसरे काहीच उरले नव्हते. तो गेला की सर खाली कशासाठी उतरणार, आणि कोणाशी बोलणार? मला त्या विचाराने भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून कमल दुपारऐवजी सकाळी येऊ लागली. सर लिहून चहाला वर गेले, की ती वही उघडून जोडी शोधायची. उलट असेल तर पदराने फक्त ते दोन अर्थ पुसायची आणि अदलाबदल करून पुन्हा लिहायची, सरांसारखीच लांब रेघ ओढून. मग मुले येत आणि बरोबर वाचून जात. माझ्या अंगावर एकाच ओळीत दोन हात असत. ही लबाडी होती की चांगले काम, याचा मी पुष्कळ विचार केला. काही ठरवता आले नाही.

मार्चमधल्या एका सकाळी सर लिहून वर गेले आणि लगेच परत आले. आपण लिहिले की नाही, हेच त्यांना आठवेना.

"कमल?"

कमलचा खडू माझ्यावरच थांबला.

"धूळ होती सर. पुसत होते."

"खडूने?"

तिने वही पदराआड घेतली. सरांनी वहीसाठी हात पुढे केला. कितीतरी वेळ मला पाने उलटल्याचा आवाज येत होता.

"आज मी उलटं लिहिलं होतं?"

"हो सर."

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून. पण रोज नाय सर, कधी कधी."

सर पायरीवर बसले. "आणि मला वाटत होतं, सगळं ठीक चाललंय." मग म्हणाले, "बंद करू हे. चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं."

"नका ना सर!" कमल रडतच म्हणाली. "माझी शकु आठवीत गेली या वहीवर. तुम्ही बसा, मी लिहिते."

त्याच सकाळी सरांनी भाऊरावांना माझ्यासमोर बोलावून घेतले. "यापुढे फळ्यावर कमल लिहील."

"झाडणारी बाई इंग्लिश लिहिणार? सर, लोक हसतील."

"हसू देत. ही वही घेऊन जा आणि एक चूक दाखव. सापडली, तर ही जोडी कायमची बंद."

दोन दिवस माझा वरचा भाग कोरा राहिला. मुले यायची, बघायची, काही न वाचता जायची. तिसऱ्या दिवशी भाऊराव खाली आले. "डिक्शनरी घेऊन बसलो होतो," असे काहीतरी पुटपुटत त्यांनी वही परत दिली. "लिहा, कमलताई."

तेव्हापासून कमल लिहिते आणि सर कठड्याला धरून मुलांकडून वाचून घेतात. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरातले म्हातारे माणूस चुकू लागले, तर अख्खा फळा पुसायला धावू नका. चुकला असेल तेवढाच शब्द पुसा, बाकीची अक्षरे राहू द्या. मी हे का सांगतो, ते परवाची गोष्ट ऐकलीत तर तुम्हाला कळेल.

परवा कमलने अ‍ॅक्सेप्ट आणि एक्सेप्टची जोडी लिहिली. सरांनी वाचली आणि ते मध्येच थांबले.

"कमल, हे उलटं लिहिलंयस."

मुले कमलकडे बघू लागली. कमलच्या हातातला खडू खाली पडला. इतक्या पोरांसमोर सरांना चूक कसे म्हणायचे?

"नाही सर," ती हळूच म्हणाली. "बरोबर आहे."

"बरोबर आहे? तुला कोणी सांगितलं?" सरांचा आवाज चढला.

"तुम्हीच शिकवलंय, सर."

सरांनी जवळ येऊन त्या ओळीवर बोट टेकवले.

"मी शिकवलंय?" त्यांनी विचारले.

"हो सर. इथंच, या पायरीवर बसून."

"असं होय," सर म्हणाले. "मग बरोबरच असणार." आणि मुलांकडे वळून त्यांनी ती जोडी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचायला घेतली.