उसन्या गळाचा मासा

काशिनाथांचे पुत्र दामोदर, दामोदरांचे पुत्र हरिश्चंद्र आणि हरिश्चंद्रांचे पुत्र विद्याधर, माझे पती. काशिनाथांनी गिरीज गावात केळीची वाडी लावली. दामोदरांनी तिच्या पोटात शिंपणासाठी बावखल खणले, आणि हरिश्चंद्रांनी त्या तळ्याच्या काठाने नारळ उभे केले. तिघांनीही जमीन सोडून दुसरीकडे पाहिले नाही. चौथ्या पिढीत प्रथमच या घरातला एक माणूस वाडीकडे पाठ करून, हातात काठी घेऊन, पाण्याकडे तोंड करून बसला.

पतीचे नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतले नाही. आता लिहिते आहे, कारण हाक मारली तरी ओ येणार नाही.

समुद्राकाठच्या किल्ल्यामागच्या जेट्टीवर त्यांच्यासोबत बसे तो युजीन. त्याचे घर आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे. दोघे एका शाळेत गेले, एका विहिरीत पोहायला शिकले, आणि एकमेकांच्या चुलीपाशी बसून जेवले. माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका सकाळी यांचा गळ दगडात अडकून तुटला. युजीनने आपला गळ दिला. उसन्या गळाला लागलेला पहिला मासा गळाच्या धन्याचा, आणि तोही अख्खा, असा त्या दोघांचा लहानपणापासूनचा नेम होता. त्या दिवशी त्या गळाला नऊ किलोंचा जिताडा लागला.

मासा आपल्या वडिलांना दाखवावा म्हणून त्यांनी तो घरी आणला. म्हणाले, "हा युजीनचा आहे. वाडीला पाणी लावून येतो आणि पोचवतो. तोवर हात लावू नकोस."

मी हात लावला. त्या दिवशी माझे वडील प्रथमच आमच्याकडे जेवायला आले होते, आणि लेकीच्या सासरी काय पिकते हे त्यांना दाखवायची मला हौस होती. मी मासा चिरला, रांधला, पंगत वाढली आणि शेपटीकडचे दोन तुकडे गड्याकरवी युजीनकडे पाठवले. ते केळीच्या पानावर पाठवले. वाटीत पाठवले असते तर त्याच्या घरची उष्टी वाटी परत आली असती, आणि ती कुठे विसळायची, असे सासूबाईंनी विचारले असते. खरे सांगायचे तर सासूबाईंनी विचारले नव्हते. मीच ते आधी ठरवून टाकले.

गडी परत येऊन म्हणाला, "त्यांनी पान घेतलं. बरं म्हणाले."

त्यानंतर युजीन आमच्या अंगणात आला नाही. यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. जेट्टीवर जात राहिले, पण मासा पुन्हा कधी घरी आणला नाही. मी विचारले नाही, आणि त्याला मी स्वतःचा मोठेपणा समजत राहिले.

पन्नास वर्षे अशी गेली. या माघात रुग्णालयात शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावले.

"युजीनचा मासा राहिला," ते म्हणाले. "पानाच्या दुसऱ्या दिवशी मी दुसरा मासा घेऊन गेलो होतो. त्याने घेतला नाही. म्हणाला, ज्या हाताने पान पाठवलं, त्याच हाताने मासा येऊ दे."

"मग मला सांगितले का नाहीत?"

"तू गेली नसतीस," म्हणाले, "आणि मग मला तुझा राग आला असता."

मी त्यांचा हात धरून बसले. मी खरोखरच गेले नसते.

तेराव्यानंतर युजीनचा मुलगा स्टॅनी भेटायला आला. उभ्यानेच बोलला. "पप्पांना यायचं होतं, काकी. पण उठवत नाही. दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस नको म्हणतात. डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे सांगितलेत."

म्हणजे मला तेवढेच दिवस होते.

मासा गळानेच पकडायला हवा होता. माझी नात राधिका म्हणाली, "आजी, बाजारात जिताडा मिळतो की! मी ऑर्डर करते, सकाळी घरपोच." मी म्हटले, "विकतच्या माशात माझा हात कुठे आला?"

पण घरात एक गळही उरला नव्हता. यांची कळकाची काठी चितेवर ठेवायला मीच सांगितले होते, आणि पंप-खोलीतला गळांचा पत्र्याचा डबा अस्थींबरोबर मीच पाण्यात सोडला होता. लोक म्हणाले, जयवंतीबाईंनी किती थोर मनाने निरोप दिला. मलाही तसेच वाटले होते.

आगाशीच्या बाजारात पूर्वी गळ मिळत, आता तिथे नायलॉनचे दोरखंड मिळतात. राधिकाने फोनवर शोधून मला रिक्षाने फुलपाड्यात नेले. एका इमारतीच्या तळमजल्यावर कुशल नावाच्या तिशीतल्या माणसाचे दुकान होते. भिंतभर रंगीत काठ्या उभ्या होत्या.

"या आजी. कोणाला गिफ्ट द्यायचंय?"

"मला वापरायची आहे. जिताडा पकडायचा आहे."

त्याने राधिकेकडे पाहिले. राधिका म्हणाली, "दादा, जोक नाहीये. दाखवा."

त्याने सर्वांत लांब काठी काढली. मी ती हातात घेतली आणि मनगट लगेच खाली गेले. "मला ती दोन तास धरायची आहे," मी म्हटले, "तुमच्या दुकानाची शोभा वाढवायची नाही." तो हसला. मग त्याने सात फुटांची, बुंध्याशी जाड आणि टोकाशी लवणारी काठी दिली. टोक बोटाने दाबून पाहिले तर ते वाकले, आणि सोडताच सरळ झाले. ती मी बाजूला ठेवली.

रिळे तीन आकारांची होती. मोठे घ्या, दोरी जास्त मावते, असे तो म्हणू लागला. मी म्हटले, ज्याची मूठ माझ्या दुखऱ्या बोटांना अडखळल्याशिवाय फिरेल ते द्या. मधले निघाले. विणलेली दोरी त्याने हातात दिली. मी आयुष्यभर मोगऱ्याचे गजरे ओवले आहेत, दोऱ्याची पारख मला कुणी शिकवायला नको. ती रेशमासारखी मऊ होती, पण नखाने ओढली तरी उसवली नाही.

"पण पुढे हा जाड तुकडा लावावा लागेल," कुशल म्हणाला. "जिताड्याच्या कल्ल्याला धार असते, आजी. बारीक दोरी अशी कापतो, ब्लेडने कापल्यासारखी." मग त्याने प्लास्टिकचे मासे मांडले, लाल डोळ्यांचे, चकचकीत. "हे लावा. पाण्यात ओढलं की जिवंत वाटतं."

"मासा मला फसवायचा आहे," मी म्हटले, "पण इतक्या निर्लज्जपणे नाही. जिवंत कोलंबीला कुठला गळ लागतो तो दाखवा."

राधिका इतक्या दिवसांत प्रथमच हसली.

गळांची पाकिटे उघडताना त्याने विचारले, "तुम्हांला कोणी शिकवलं, आजी? जुन्या माणसांसारखं बोलता. गिरीजहून एक आजोबा यायचे. पांढरा सदरा, काखेत छत्री. प्लास्टिक बघितलं की असेच तोंड फिरवायचे. बऱ्याच दिवसांत आले नाहीत."

तो आपल्या नादात सांगत राहिला.

"गळ घ्यायचे तर नेहमी एक जास्त. म्हणायचे, एकाकडून उसना घेतलाय, परत करायचाय. मी चेष्टा करायचो, आजोबा, दुकान काढून आठ वर्षं झाली, एक गळ परत होत नाही का तुमच्याकडून? तर म्हणायचे, आज करतो. पुढच्या खेपेला पुन्हा एक जास्त."

काचेच्या कपाटाला धरून मी उभी राहिले. पत्र्याच्या त्या डब्यात शेकडो गळ होते. त्यातले किती युजीनचे होते कुणास ठाऊक, आणि तो डबा मी माझ्या हाताने पाण्यात सोडला होता.

"आजी, बसा ना," कुशल घाबरून म्हणाला. "काय झालं?"

"ते माझे यजमान होते," मी म्हटले. "गळ द्या. एक जास्त द्या."

त्याने गळ खाली बुडवायला शिसे आणि मासा वर घ्यायची जाळी दिली. टोपी आणि काळा चष्माही पुढे केला होता, पण मला पदर पुरे होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच राधिकेने मला स्कूटरवरून जेट्टीवर नेले. तिथली नेहमीची माणसे मला ओळखत होती. कुणी हसले नाही. केनी नावाच्या एका वयस्क माणसाने रिळाची कळ कशी सोडायची ते दोनदा दाखवले, आणि मग दूर जाऊन बसला. यांची जागा शेवटच्या दगडावर होती, मी तिथे बसले. कोलंबी गळाला लावताना गजऱ्याची कळी ओवतात तशी शेपटीच्या कडेने ओवली, म्हणजे ती मरत नाही. पहिल्या दिवशी एक लहान शिंगाळा लागला. तो सोडून दिला. दुसऱ्या दिवशी दोरीचा गुंता सोडवण्यातच भरती ओसरली. संध्याकाळी स्टॅनीचा फोन आला की पप्पा आता फार बोलत नाहीत.

तिसऱ्या दिवशी राधिका म्हणाली, "आजी, नाही मिळाला तर नुसतीच जाऊ ना. ते समजून घेतील."

"पन्नास वर्षे त्यांनीच समजून घेतले आहे," मी म्हटले.

ऊन चढू लागले तेव्हा काठीचे टोक एकदा थरथरले आणि खाली गेले. मी ओढले. तळहाताला दोरी लागली, रक्त आले. माझ्या सत्त्याहत्तर वर्षांच्या हातांत बळ किती, हे मला तेव्हा कळले. केनी धावत आला, पण त्याने काठीला हात लावला नाही. "ढील द्या, काकी. जाऊ दे त्याला. आता घ्या," एवढेच सांगत राहिला. राधिका दगडावर पोटावर झोपून जाळी धरून होती. मासा वर आला तेव्हा तिच्या तोंडून किंकाळी निघाली. जिताडाच होता, जेमतेम दीड किलोचा.

मी घरी जाऊन स्वतःच्या हाताने पितळी परात काढली. तीत मासा अख्खा ठेवला, शेजारी तो जास्तीचा गळ ठेवला आणि कुंपणापलीकडे निघाले. ती वाट शंभर पावलांचीही नाही.

युजीन खाटेवर उशांना टेकून होता. भिंतीवर येशूची तसबीर, खाली दिवा. त्याने आधी माझ्याकडे, मग परातीकडे पाहिले. हात पुढे करून माशाच्या पाठीवरून बोट फिरवले. मग गळ उचलला आणि मुठीत धरला.

"कोणी धरला?" आवाज अगदी खोल गेला होता.

"मी."

"त्या दिवशीचा नऊ किलोंचा होता, वहिनी." ओठांच्या कडा हलल्या. "बाकीचे साडेसात?"

"तेवढे माझ्याच्याने होणार नाही," मी म्हटले. "चूक माझी होती, युजीनभावजी. पान पाठवायला मला कुणी सांगितले नव्हते."

त्याने डोळे मिटले. मला वाटले, झोपला. पण तो बोलू लागला.

"विद्याधर शेवटच्या दगडावर बसायचा. मी पहिल्या. मधे चाळीस पावलं. मोजलेली आहेत मी." श्वास घ्यायला तो थांबला. "एकदा तीस गेलो होतो. विद्या पाठमोरा होता. त्याने वळून बघितलं असतं तर... मग मी परत फिरलो."

"त्यांना कळलेच नाही," मी म्हटले.

"नाही ना. तेच म्हणतो."

स्टॅनीची पत्नी दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. युजीनने तिला मासा नेण्याची खूण केली. "रांध. आणि वहिनींना इथेच वाढ. आपल्या ताटात." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मला आता पाणीसुद्धा मोजून देतात. तुम्ही खा. मी बघतो. बाकीचे साडेसात त्यात आले."

यजमान गेल्यापासून मी मासा सोडला होता, वर्षश्राद्धापर्यंत तोंडात घालणार नव्हते. घरचे नेम मोडायची मला सवय नाही. पण हा नेम माझ्या घराचा होता, आणि त्या दिवशी मी दुसऱ्याच्या घरात देणेकरी म्हणून बसले होते.

ताट आले. कोकम घातलेले लालसर कालवण, भात, आणि माशाचे डोके माझ्या बाजूला. मी त्यांच्या घरच्या ताटात, युजीनच्या खाटेशेजारी, एका युगानंतर शिजलेला तो मासा खाल्ला. काटा काटा चोखून ठेवला. युजीन एकटक पाहत होता. मध्येच त्याने स्टॅनीला सांगून कालवणाचा एक थेंब आपल्या जिभेवर ठेवून घेतला आणि बराच वेळ तोंड मिटून राहिला.

ताट रिकामे झाले तेव्हा मी हात जोडले. त्याने मुठीतला गळ उशीखाली सरकवला आणि माझ्या जखमी हातावर आपला हात ठेवला.

"आलं, वहिनी," तो म्हणाला. "सगळं आलं."