शेवटचे तीनशे मीटर

टपालवालीच्या पायाला जन्मापासून भिंगरी होती. सतरा वर्षं खांद्यावर पिशवी अडकवून ती जिने चढली-उतरली होती. त्यामुळे छातीतल्या गाठीने वर्षभर अंथरुणाला खिळवलं, तेव्हा दुखण्यापेक्षा तिला पडून राहण्याचाच जास्त वैताग आला. नवऱ्याचं सलून. केस गळायला लागले तेव्हा त्यानेच तिला खुर्चीत बसवून डोकं भादरलं आणि आरसा धरून म्हणाला, "बघा बाई, कुठे कमी-जास्त झालंय का?" दोघंही हसली.

बरं झाल्यावर तिने पळायला सुरुवात केली. हॉस्पिटलच्या मदतीसाठी अर्धमॅरेथॉन होणार, हे कळताच नाव नोंदवलं. एकवीस किलोमीटर, दोन तास वीस मिनिटांच्या आत. आकडा तिनेच ठरवला होता. नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलाही नव्हता.

त्या सकाळी पाय असे पडत होते की तिचं तिलाच नवल वाटावं. पंधराव्या किलोमीटरला नवरा केळं घेऊन उभा होता. "अगं पळ, टपाल तुंबलंय!" तो ओरडला. शेवटच्या वळणावर तिने घड्याळ पाहिलं. दोन तास अकरा मिनिटं, आणि राहिले फक्त तीनशे मीटर. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई आडवी आली. "थांबा, थांबा! साहेबांची गाडी अडकलीय. शेवटचा टप्पा तुम्ही दोघांनी मिळून पूर्ण करायचाय."

"कोण साहेब? सरका बाजूला, माझी वेळ चाललीय."

मग डॉक्टरीणबाई धावत आल्या. हिच्यावर उपचार केलेल्या त्याच. त्यांनी हिचा हात धरला. "माझ्यासाठी थांबा. नव्या मशीनचे पैसे साहेब आज जाहीर करणार आहेत. जुन्याचे हाल तुम्हाला ठाऊकच आहेत."

ठाऊक होते. ते मशीन दोनदा बंद पडलं होतं आणि दोन्ही वेळा ती बाकावरून उठून, उपचार न होताच घरी परतली होती. तिच्या शेजारी एक शाळामास्तरीण बसायची. दुसऱ्या खेपेनंतर ती पुन्हा दिसलीच नाही.

टपालवाली थांबली.

ओळखपत्रवाल्या बाईने टपालवालीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्या बाईचाच चेहरा पडला. "अरे, केस आलेत की तुमचे!" मग पिशवीतून एक रुमाल काढून तिने तो हिच्या डोक्याला घट्ट बांधला, केसाची एक बटही दिसू नये असा. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डॉक्टरीणबाईंकडे पाहून तिने रुमाल तसाच राहू दिला.

चौदा मिनिटांनी गाडी आली. साहेब कोरे बूट घालून उतरले. तोवर हिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. पहिल्याच पावलाला ती कळवळली, साहेबांनी कोपराला धरलं आणि कॅमेरे लखलखले. दोघांनी रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात दोन सत्तावीस झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. खाली लिहिलं होतं: 'थकल्या पावलांना दिला आधार.' नवऱ्याने पेपराची घडी घालून तो गल्ल्याखाली सारला. गिऱ्हाइकांनी विचारलंच तर तो वस्तऱ्याला धार लावत बसायचा. तिच्या फेरीतली माणसं मात्र दारातच गाठायची. "साहेब होते म्हणून निभावलंत हो!" ती पत्र हातात द्यायची आणि जिना उतरायची.

सहा महिन्यांत मशीन खरंच आलं. तपासणीला गेली तेव्हा त्या खोलीबाहेर पूर्वीसारखी गर्दी नव्हती. नावं भराभर पुकारली जात होती. भिंतीवर साहेबांच्या नावाची पाटी होती आणि तिच्या शेजारी तोच फोटो, चौकटीत.

शेजारी एक म्हातारी सुनेला घेऊन बसली होती. हिला तिने ओळखलं नाही. फोटोकडे बघत ती म्हणाली, "देवमाणूस म्हणायचा. बिचारीला चालताही येत नव्हतं, बघा."

तेवढ्यात सुनेचं नाव पुकारलं गेलं. अगदी वेळेवर.

"हो," टपालवाली म्हणाली आणि पाय आखडून घेऊन तिने त्या दोघींना जायला वाट करून दिली.