उरुमकान एजेंचा आवाज

मित्रांनो, माझी जाळी आता काळवंडली आहे आणि मान एका बाजूला कलली आहे, पण ऐकलेलं मी विसरलेलो नाही. मी मायक्रोफोन. दूरच्या रशियन कारखान्यात जन्मलो आणि किरगिझ डोंगरांत, नारिन नदीकाठच्या एका छोट्या टीव्ही केंद्रात येऊन राहिलो. टेबलाचा खडखडाट घरोघरी ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या पायाखाली नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा घातला होता. त्यावर मी बावीस वर्षं उभा राहिलो.

आमच्याकडे परदेशी चित्रपट दाखवत. चित्र चालू असतानाच तुर्दाकुन आके माझ्यासमोर बसून सगळ्यांचं बोलणं किरगिझमध्ये सांगत. राजा तेच, चोर तेच, नवरी तेच आणि तान्ह्या बाळाची आईसुद्धा तेच!

"आके, काल राजकन्या फार गोड झालात हो," उरुमकान एजे त्यांना चिडवत. "खोकला तेवढा आवरायचा होता!"

आके म्हणजे दादा आणि एजे म्हणजे ताई. आके जे बोलत, ते किरगिझमध्ये लिहून देणाऱ्या या ताई दक्षिणेच्या, बातकेनच्या होत्या. काम सुरू करण्याआधी त्या रोज दोन्ही तळवे पसरून देवाचं नाव घेत आणि मग चेहऱ्यावरून हात फिरवत. तेवढा वेळ खोली कशी शांत होई.

एकदा शाळा सुटल्यावर त्यांची सहा वर्षांची बुरुल आली. मी बंद होतो. ती माझ्यासमोर बसली आणि घसा दाबून, जाड्या आवाजात म्हणाली, "मी राजकन्या आहे. माझा घोडा आणा!"

आके खो खो हसले. "अगं, याकसारखी काय हंबरतेस?"

"टीव्हीतल्या मुली अशाच बोलतात," बुरुल म्हणाली. "माझा आवाज टीव्हीचा नाहीये."

आकेंचं हसू तिथेच थांबलं.

एजे त्याच दिवशी केंद्राच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांचं नाव जुमाश. "बायकांची वाक्यं मला बोलू द्या," त्या म्हणाल्या.

"एजे, लोकांना सवय झालीय. आणि तुमचा तो बातकेनी हेल! लोक म्हणतील, राजकन्या बातकेनहून जर्दाळू विकायला आली."

एजे परत येऊन लिहायला बसल्या, तेव्हा कागदावर एक थेंब पडला. तो मी पाहिला.

शुक्रवारी होडी वल्हवणाऱ्या एका मुलीचा चित्रपट होता. एजे नेहमीसारख्या शेजारी बसून आकेंची पानं उलटत होत्या. वादळ आलं, भाऊ पाण्यात पडला, मुलीने तोंड उघडलं. आके मात्र गप्प. त्यांनी मला हळूच एजेंकडे सरकवलं.

खोलीच्या काचेपलीकडे साहेब ‘नको, नको’ म्हणून दोन्ही हात हलवत होते. पण चित्र थांबवणार कसं? ते तर घरोघरी चाललं होतं.

"बोला एजे, पोरगं बुडतंय!" आके कुजबुजले. मी तेही घरोघरी पोहोचवलं.

एजेंनी ओठ हलवून देवाचं नाव घेतलं. "वल्हं धर! सोडू नकोस, मी आलेच!" त्या ओरडल्या. पहिला शब्द कापरा होता. पुढचे सगळे स्वच्छ, अगदी बातकेनच्या हेलातले. मी त्यातलं काही गाळलं नाही.

चित्रपट संपताच फोन वाजू लागला. पहिल्याने विचारलं, "हा हेल कसला?" दुसऱ्याने, "तुर्दाकुन आके आजारी आहेत का?" तिसरा फोन साहेबांनी बराच वेळ ऐकला. मग फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "एजे, एक आजीबाई आहेत, मूळच्या बातकेनच्या. म्हणतात, आमच्याकडची लेक कधी नाही ती टीव्हीवर ऐकली. पुढच्या शुक्रवारीही तीच बोलणार ना? काय सांगू?"

एजेंनी डोळे पुसले. "सांगा, देवाच्या मनात असेल तर."

साहेब फोनवरचा हात काढून म्हणाले, "हो आजी, बोलणार."

मित्रांनो, आज मी फडताळात आहे आणि माझ्यावर धूळ बसते. ती पुसलीत तर बरंच वाटेल. पण त्याआधी एक करा. तुम्ही गोष्टी सांगाल, नाटकं बसवाल, चित्रपट काढाल, तेव्हा शेजारी गप्प बसून कोणी पानं उलटत आहे का, ते बघा. माझ्यासारखा जो कोणी तुमच्या टेबलावर असेल, त्याला तिकडे सरकवा. आम्ही वजनाला अगदी हलके असतो.