बुंध्याखालची आग

पहिला फटका मार्तंडच्या पाठीत बसला तेव्हा मी छातीइतक्या खोल खड्ड्यात उभी राहून मातीचा डबा भरत होते. ओल्या गोणीवर काठी हाणावी तसा आवाज आला. वर पाहिलं तर मार्तंड गुडघ्यांवर आला होता आणि त्याच्यामागे धोंडू कुऱ्हाडीचा दांडा घेऊन उभा होता.

"परत नाव घे अर्जाचं. घे ना, घे."

"अर्ज दिलाय आणि शनिवारी साहेब येणारेय," मार्तंड म्हणाला. गप्प बसणं त्याला कधीच जमलेलं नाही. दुसरा फटका कानाखाली बसला आणि रक्त कॉलरवर उतरलं.

"धोंड्या, बस झाला मेल्या!" मुकादम गुणाजी लांबून ओरडला. धोंडू त्याचा धाकटा भाऊ.

वाद होता एकरभर रानाचा. १९८५चा मे महिना होता. मुलुंडच्या वसाहतींमागे चढत जाणाऱ्या डोंगराचा हा उतार एका खाजगी मालकाचा, आणि त्याने तो निलगिरी लावायला नंदकुमार नावाच्या ठेकेदाराला दिला होता. कागदावर जमीन 'पडीक' दाखवली होती, कारण पडीक जमिनीवर झाडं लावली तरच सरकारी मदत मिळायची. निम्मा उतार तोडून, जाळून झाला होता. जमीन पडीक नव्हती हे सांगणारं एकच काही शिल्लक होतं, ओढ्याकाठचा तो तुकडा. त्यात ऐन, किंजळ, मोह आणि दोघांच्या कवेत न मावणारा एक कुंभा होता. हे रान वाचवा, असा अर्ज मार्तंडने केला होता. शनिवारी पाहणी अधिकाऱ्याला हा तुकडा उभा दिसला, तर वरच्या खिंडीपर्यंतचं रान वाचणार होतं. तो आडवा झाला, की सगळा डोंगर पडीक ठरणार होता.

मार्तंड आणि मी नुकतेच एम.एस्सी. झालो होतो. आमच्या सरांच्या प्रकल्पासाठी नैसर्गिक रानात किती कार्बन साठलेला असतो आणि तिथेच लागवड केली की किती उरतो, हे आम्ही मोजत होतो. गुणाजीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "झाडाचा वजन कित्याक करतंस गो बाय? विकूक?"

"नाही हो गुणाजीभाऊ, कार्बन मोजायला. कोळसाच समजा. सुक्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मा तोच असतो. झाड तो हवेतून घेतं. लाकडात ठेवतं, मुळांत ठेवतं, मातीत ठेवतं."

"मगे निलगिरीत नाय असणार?"

"असणार. पण निलगिरी तुम्ही सात-आठ वर्षांत कापून कागदाला देणार. हे रान भरायला शंभर वर्षं लागली. आणि तुम्ही जे जाळताय, ते आधी हवेत जातंय."

"गेला तर गेला हवेत! हवा काय माझ्या बापाशीची?"

सगळी टोळी हसली. मीही हसले. गुणाजी मूळ कणकवलीकडचा, संपाआधी परळच्या गिरणीत विणकर होता. गिरणीचं दार उघडलंच नाही, तेव्हा त्याने भावाला आणि वाडीतल्या चार माणसांना घेऊन हे काम धरलं. हात अजून विणकराचे होते, कुऱ्हाडीने ते फोडांनी भरलेले.

त्यांची जाळण्याची पद्धत मात्र गावची होती. गावी राब भाजतात, म्हणजे शेताच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. आग भडकत नाही, दबून जळते, आणि दुसऱ्या दिवशी राख थंड. इथे बुंधे खणून काढायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी प्रत्येक बुंध्यावर तसाच राब रचला, माती लोटली आणि पेटवला. तीन दिवसांनी वरची राख थंड लागली. लगेच मधल्या जागेत निलगिरीची रोपं लागली आणि टँकरने पाणी सुरू झालं, शनिवारी हिरवं दिसायला हवं म्हणून.

एका राखेच्या वर्तुळात मी लोखंडी सळई खुपसली होती. बाहेर काढली तर टोक हाताला धरवेना. मी गुणाजीला जाऊन सांगितलं, "राबाखाली शेताची माती असते. इथे खाली मांडीएवढी मुळं आहेत. वरून माती टाकली की त्यांची कोळशाची भट्टी होते. आतून धुमसत राहील. माणसं या वर्तुळांवरून नेऊ नका."

"राब भाजण्यात माझो आजो गेलो, बापूस गेलो," तो म्हणाला. "तू माका आग शिकव नको."

आता मी खड्ड्यातून वर आले ती मातीचं गिरमिट हातात घेऊनच. कमरेएवढं लोखंडी हत्यार, वर आडवी मूठ. धोंडूने तिसऱ्यांदा दांडा उचलला आणि मी गिरमिट त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. दांडा पडला. धोंडूने मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने कमरेचा कोयता उपसला.

"हिच्या आयशीक..."

मी पळाले. रोपांच्या ओळींमधून, राखेची वर्तुळं टाळत, कारण आठवडाभर मी तशीच चालत होते. धोंडू सरळ आला. कोयत्याचा वारा माझ्या वेणीला लागला. मग मागे जमीन फुटल्याचा आवाज झाला, मडकं फुटावं तसा.

वळले तेव्हा धोंडूचा एक पाय मांडीपर्यंत जमिनीत होता. किंचाळायच्या आधी क्षणभर तो नुसता चकित दिसत होता. मग भोकातून आग वर आली. आत कोंडलेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळाली होती. पँट पेटली. तो ओरडला तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

"खेचा रे! खेचा त्याका!" गुणाजी धावत आला, त्याच्याही पायाखालची माती ढासळली, तो पोटावर पडला आणि तसाच सरपटत पुढे गेला.

टोळीतला खंडू पाण्याचा डबा घेऊन आला. "ओतू नको!" मी ओरडले. "वाफ होईल!" त्याने ओतलं. पांढरा फुत्कार वर आला आणि धोंडूचा आवाजच तुटला.

मार्तंडच्या एका डोळ्यात रक्त होतं, त्याला नीट दिसतही नव्हतं. तरी त्यानेच धोंडूच्या काखांत हात घातले, मी पहारीने कडा फोडली आणि गुणाजीसह आम्ही तिघांनी त्याला उपसून काढलं. गुडघ्याखाली जे बाहेर आलं त्याला पाय म्हणता येईना. जळलेल्या मांसाचा आणि जळलेल्या लाकडाचा वास वेगळा करता येत नव्हता.

टँकरच्या केबिनमध्ये आडवं घालून त्याला घाटकोपरच्या इस्पितळात नेलं. पाय गुडघ्यातून कापला. गुणाजी दोन दिवस तिथल्या जिन्यात बसून होता. मार्तंडच्या डोक्याला टाके पडले. तेवढ्यात नंदकुमारने दुसरी टोळी आणली. शुक्रवारी दुपारी मी धापा टाकत वर पोहोचले तेव्हा कुंभा पडत होता. तो आधी कण्हला, मग शेजारच्या मोहाचं अर्धं अंग फाडत आडवा झाला, आणि जमीन माझ्या दातांपर्यंत हादरली. त्यावर चार कुऱ्हाडी तुटून पडल्या. संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठी काही उरलं नाही. लाकूड ट्रकमधून गेलं, बुंध्यांवर माती लोटली.

"काय मॅडम," नंदकुमार रुमालाने चष्मा पुसत म्हणाला, "आता काय मोजणार?"

शनिवारी जीप आली. अधिकारी बारीक, कमी बोलणारा माणूस होता. नंदकुमारने त्याच्या हातात शहाळं दिलं.

"नुसता खडक होता बघा साहेब. गवतसुद्धा उगवत नव्हतं. आम्ही हिरवं केलं."

"खोटं बोलतोय हा!" डोक्याला पट्टी बांधलेला मार्तंड पुढे झाला. दोन माणसांनी त्याचे हात मागे पिरगळले. "कालपर्यंत इथे रान होतं!"

"कुठे आहे?" अधिकारी म्हणाला. टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. आणि जमिनीवर दाखवायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

तेव्हा खालच्या वाटेने गुणाजी वर आला. खांद्यावर पहार. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. पहिल्या राखेच्या वर्तुळाच्या कडेला उभा राहिला आणि पहार दोन्ही हातांनी खाली हाणली. जमीन आत कोसळली. धुराची रेघ वर आली. तो दुसऱ्या वर्तुळाकडे गेला. मग तिसऱ्या. रोपं उडत होती, तुटत होती.

"अडवा त्या येड्याला!" नंदकुमार ओरडला.

एकाने त्याच्या पाठीत लाठी घातली. गुणाजीने पहार हाणली. पुन्हा लाठी, पुन्हा पहार. सदरा फाटला, पाठीवर लाल वळ उठले, एक फुटून रक्त आलं. चौथ्या लाठीला त्याने मागे न पाहता पहार फिरवली आणि लाठीवाला नडगी धरून लोळला. मग पहार टाकून त्याने नंदकुमारची मान धरली आणि त्याला फरपटत नुकत्याच फोडलेल्या सर्वांत मोठ्या भोकाशी नेलं. तोंड आत दाबलं.

"बघ! खडक खय असा? दाखव साहेबाक! माझ्या भावाचो पाय ह्या जमनीत गेलो, खडक खय असा?"

नंदकुमारचा चष्मा आत पडला. भुवया करपल्या. तो लहान मुलासारखा रडू लागला तेव्हा कुठे माणसांनी गुणाजीला ओढून बाजूला केलं.

अधिकाऱ्याने शहाळं जमिनीवर ठेवलं आणि भोकाशी उकिडवा बसला. आतल्या काळ्या भिंतीवर सालीचा ठसा स्पष्ट होता. पोकळी फांद्यांसारखी फुटत चहूबाजूंना गेली होती. वर झाड असतं तसं झाड खाली, फक्त रिकामं.

"हे काय?"

"मुळं होती," मी म्हणाले. "जळून गेली. त्यांच्या जागी हे उरलं."

"पडीक जमिनीत?" तो नंदकुमारकडे वळून म्हणाला. मग उभा राहिला आणि पेन खिशात टाकलं. "मी सही करत नाही. वरच्या रानाला कोणी हात लावायचा नाही. आजच तसं लिहून देतो." जीपकडे जाताना थांबला. "खाली किती होतं, ते कळेल का?"

"कळेल. थंड झालेल्या भोकात कोरडी वाळू मापून ओतायची. जेवढी वाळू बसेल, तेवढं लाकूड गेलं."

जीप गेली. नंदकुमारची माणसं त्याला धरून खाली उतरली. मार्तंड खांदे चोळत बसला होता. मी ओढ्यातली वाळू चाळून डबे भरायला लागले. गुणाजीच्या पाठीवरचं रक्त सुकून सदरा चिकटला होता. तो उठला आणि एक भरलेला डबा उचलला.

"खयच्या भोकापासून सुरू करूचा?"

"जे थंड झालं असेल त्यापासून."

"नाय," तो म्हणाला. "धोंडूच्या."

त्याने आधी हात आत घालून पाहिला, खांद्यापर्यंत. थंड होतं. मग डबा कलता केला. वाळू सरसर करत आत गेली, बराच वेळ जात राहिली, आणि वर काहीच आलं नाही. त्याने रिकामा डबा माझ्याकडे केला.

"आणखी दी."